नाव कुणाच्या हजेरीपटावर? छोट्या आणि मोठ्या कंपनीतल्या कामगाराच्या तब्येतीत फरक का पडतो

आदिलाबाद : बेला मंडळातल्या एखाद्या गावचे दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. थोरला सिंगरेणीत कायम कामगार, मंचिर्यालकडच्या खाणीत. धाकटा दिवाळीनंतर आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये, कापूस संपेपर्यंत. एकाच्या छातीत कोळशाची धूळ जाते, दुसऱ्याच्या छातीत कापसाची. पन्नाशीला आल्यावर दोघांनाही जिना चढताना धाप लागते.

थोरल्याच्या धापेची फाईल आहे. कामावर घेताना तपासणी झाली, नंतर ठरावीक वर्षांनी झाली, एक्स-रे कंपनीच्या दवाखान्यात जमा आहेत. धाकट्याकडे मेडिकलवरून आणलेली खोकल्याच्या औषधाची बाटली आहे आणि शेजाऱ्यांनी दिलेला सल्ला आहे, 'बिडी सोड.' तो बिडी ओढतच नाही, ही गोष्ट वेगळी.

दोघांच्या तब्येतीतलं हे अंतर पडतं कसं, हा आजचा विषय. नशीब किंवा मालकाचा स्वभाव एवढ्यावर ते समजत नाही. बराचसा फरक कायद्याने आखलेला आहे, आणि कायदा तो आखतो कामगारांची संख्या मोजून.

सोमवारची ढास

मी कॉमर्सचा पदवीधर. पत्रकारितेत येण्याआधी दोन हंगाम एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो. हजेरी, उचल, गाठींचा आकडा, सरकीचं वजन, असं सगळं. तिथे पैनगंगेपलीकडून येणारी एक मावशी होती. ती कधीच सुट्टी घेत नसे. कारण विचारलं तर म्हणायची की सुट्टी तिला मानवत नाही, एक दिवस घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. आम्ही हसायचो. काम अंगात मुरलंय, म्हणायचो.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ती आजाराचं अगदी पुस्तकी लक्षण सांगत होती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला 'बिसिनोसिस' म्हणतात. यात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, कोरडी ढास लागते, श्वास अपुरा पडतो. आठवडा पुढे सरकेल तसं बरं वाटत जातं. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. म्हणून कामगाराला वाटतं की सुट्टीनेच बिघडलं, आणि तो सुट्टी घेणंच बंद करतो. धूळ मात्र रोज आत जातच राहते.

ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा अभ्यास करून या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. आधी कधीतरी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, मग दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. सुरुवातीच्या पायरीवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो. शेवटच्या पायरीवर फुप्फुसाचं गेलेलं बळ परत येत नाही.

एक अडचण आहे. एक्स-रेमध्ये या रोगाची वेगळी अशी खूण दिसत नाही. कामाआधी आणि कामानंतर फुंकणीसारख्या यंत्रात श्वास सोडायला लावून तपासलं, आणि रुग्णाचं काम विचारलं, तरच धागा सापडतो. नाहीतर टीबीची तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि केसपेपरवर 'दमा' लिहून विषय संपतो.

कायदा डोकी मोजतो

आता मोठ्या कंपनीला जे जमतं ते छोटीला का जमत नाही, ते पाहू. 1948 च्या कारखाना कायद्यात सोयींची एक शिडी होती. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की तो 'कारखाना', त्याखाली नाही. दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी. 250 च्या वर कामगार गेले तर कॅन्टीन. 500 च्या वर गेले तर डॉक्टर-नर्स असलेली रुग्णवाहिका खोली. 1000 झाले की सुरक्षा अधिकारी. पगारी रजा हवी तर वर्षात 240 दिवस काम झालेलं पाहिजे.

ही शिडी जिनिंगला लावून बघा. चाळीस-पन्नास माणसांच्या जिनिंगमध्ये पेटी असते, कधीकधी तिची किल्ली सापडत नाही. डॉक्टर नाही, सुरक्षा अधिकारी नाही. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, त्यामुळे 240 दिवस भरतच नाहीत आणि पगारी रजा मिळत नाही. ताप आला की रोज बुडाला. म्हणून माणूस तापातच येतो, आणि पट्टा-शाफ्टच्या शेजारी डोळे जड घेऊन उभा राहतो. अपघात अशाच दिवशी होतात.

मोठ्या खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात धोका कमी असतो असं कुणी समजू नये. तिथला स्फोट, तिथली उंची, तिथली यंत्रं आपल्या जिनिंगपेक्षा कितीतरी भयंकर. पण अपघातानंतरच्या पहिल्या तासात तिथे गाडी असते, स्ट्रेचर असतं आणि काय झालं ते लिहून घेणारा माणूस असतो. खाणींसाठी 1955 च्या नियमांनी भरतीच्या वेळची आणि त्यानंतर जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासणी बंधनकारक केली. तिथला आजार कागदावर येतो. आणि कागदावर आलेल्या आजारावरच रजा, बदली किंवा भरपाई मागता येते.

जिनिंगला वगळणारी ओळ

तुम्ही म्हणाल, छोट्यांसाठी ईएसआय आहे ना. आहे. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. बदल्यात कुटुंबासह उपचार मिळतात, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो, कामावर जखम झाली तर 90 टक्के. छोट्या कंपनीतला कामगार मोठ्या कंपनीतल्या कामगाराच्या जवळपास पोहोचतो तो याच एका योजनेमुळे.

पण 1948 च्या ईएसआय कायद्यातच एक ओळ आहे. हा कायदा 'हंगामी कारखाने' सोडून बाकी सर्वांना लागू. आणि हंगामी कारखाना म्हणजे काय, या व्याख्येत पहिलंच नाव आहे कापसाच्या जिनिंगचं. पाठोपाठ प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, साखर, गूळ, चहा. म्हणजे ज्या धंद्यावर आदिलाबाद शहराचं अर्धं वर्ष चालतं, तो धंदा आजारपणाच्या विम्याच्या बाहेर. शंभर माणसं असली तरी बाहेर.

या व्याख्येत 'केवळ' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा. केवळ जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना हंगामी. त्याच कारखान्यात सरकीचं तेल काढण्यासारखा दुसरा उद्योग चालत असेल, तर 'आम्ही हंगामी' हे उत्तर आपोआप मान्य होत नाही. असा प्रश्न ईएसआय कार्यालयात लेखी विचारण्याचा अधिकार कामगाराला आहे.

दोन सीसीआय आणि एक शहर

आदिलाबादेत 'सीसीआय' म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक कापूस खरेदी करणारी, दुसरी सिमेंटची. सिमेंटवाली सीसीआय हा या शहराजवळचा मोठा सरकारी कारखाना होता. कायम कामगार, क्वार्टर, कॉलनी. नव्वदच्या दशकात उत्पादन थांबलं आणि शहराच्या हाती मुख्यतः जिनिंग, भात-डाळीच्या गिरण्या, वर्कशॉप आणि दुकानं उरली. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा सिंगरेणीच्या खाणी मंचिर्याल आणि आसिफाबादकडे गेल्या, कागजनगरची पेपर मिलही आसिफाबादकडे गेली. आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातला कामगार म्हणजे बहुतेक छोट्या ठिकाणचा कामगार. म्हणून हा विषय आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागतो.

मधल्या काळात जिनिंग सुधारल्या, हेही खरं. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, त्यातून अनेक ठिकाणी पट्टे आणि हवेच्या नळ्या आल्या. डोक्यावरून कापूस वाहणं कमी झालं, धूळही काही प्रमाणात कमी झाली. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी हे केलं. मात्र यंत्र आलं की माणसं घटतात. माणसं घटली की कारखाना शिडीच्या खालच्या पायरीवर येतो. उरलेल्या माणसाच्या वाट्याची धूळ तशीच, पण त्याच्यासाठीची सक्ती कमी.

मोठं गेट, छोटा हजेरीपट

मोठ्या कंपनीत काम करणारा प्रत्येक जण मोठ्या कंपनीचा असतो का? तसं नाही. सीमेपलीकडे गडचांदूरची सिमेंट, बल्लारपूरची पेपर मिल, चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणी, इकडे सिंगरेणी. सगळीकडे कायम कामगारांबरोबर कंत्राटी कामगार असतात. गेट एकच, हेल्मेटचा रंग वेगळा. पोती भरणं, सफाई, लोडिंग अशी धुळीची कामं बऱ्याचदा कंत्राटदाराकडे. त्या माणसाची खरी कंपनी म्हणजे त्याचा कंत्राटदार, आणि ती कंपनी असते पंधरा-वीस जणांची.

मी हिशेब लिहायचो तिथेही हजेरीपट एक नव्हता. मुकादमानुसार वेगवेगळे होते, आणि प्रत्येकात इतकीच नावं होती की कुठलाच आकडा ओलांडला जाऊ नये. तेव्हा मला ती हिशेबाची सोय वाटली. त्या वह्यांमध्ये मावशीसारख्यांची रजा आणि दवाखाना हरवत होता, हे तेव्हा सुचलं नाही.

आकडेवारी वाचतानाही एक खबरदारी घ्यायला हवी. मोठ्या कंपनीतले कामगार जास्त निरोगी दिसतात, याचं एक कारण म्हणजे ती कंपनी घेतानाच निरोगी माणूस निवडते. छाती मोजते, डोळे तपासते, नापास झालेल्याला परत पाठवते. नंतर जो आजारी पडतो तो गळतो आणि गावाकडे येऊन छोट्या ठिकाणी कमी रोजावर लागतो. शास्त्रज्ञ याला निरोगी कामगाराचा परिणाम म्हणतात. म्हणजे छोट्या कंपनीच्या आजारांच्या हिशेबात मोठ्या कंपनीत कमावलेला आजारही येऊन बसतो.

मोठ्या ठिकाणची वेगळी दुखणी आहेतच. रात्रपाळी, टार्गेट, घरापासून लांब राहणं. 'अनफिट' ठरू या भीतीने डॉक्टरपासून आजार लपवणं. छोट्या ठिकाणी सेठ नावाने हाक मारतो, अडीनडीला उचल देतो, मुलीच्या लग्नाला येतो. हे आपलेपण खोटं नाही. पण ते सेठच्या मर्जीवर असतं, आणि दवाखान्याचं बिल मोठं झालं की मर्जीला मर्यादा येते.

बाहेर काय करतात

ही अडचण एकट्या आपल्याकडे नाही. जपानमध्ये 50 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कामगारांच्या आरोग्यासाठी डॉक्टर नेमणं सक्तीचं आहे, त्याखालच्यांना ती सक्ती नाही. तिथेही अंतर नेमकं त्याच रेषेवर पडतं. अमेरिकेने 1978 मध्ये कापसाच्या धुळीसाठी कडक नियम केला, आणि सूतगिरण्यांत हा रोग मोठ्या प्रमाणात कमी झाला. पण तिथल्या नियमातही जिनिंग वगळलेलं आहे. शेताजवळचं, हंगामापुरतं, मोजक्या माणसांचं काम कायद्याच्या नजरेतून सगळीकडेच निसटतं.

नव्या संहितांनी काय बदललं

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. आपल्यापुरतं पाहायचं तर बदल दोन्ही दिशांचे आहेत. कॅन्टीनची अट 100 कामगारांवर आली, सुरक्षा अधिकाऱ्याची 500 वर. पगारी रजेसाठी 240 ऐवजी 180 दिवस. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी सरकारने जाहीर केली आहे. हे चांगलं आहे.

दुसरीकडे, विजेवर चालणाऱ्या ठिकाणाला 'कारखाना' म्हणण्याची मर्यादा 10 वरून 20 वर गेली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी 20 ऐवजी 50 पासून लागू. आणि ईएसआयमधून हंगामी कारखाने वगळणारी ओळ नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे, जिनिंगच्या नावासकट. पाच महिन्यांच्या हंगामात 180 दिवसही भरत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पैनगंगेच्या दोन काठांची कार्डं

आपल्या भागातला मजूर राहतो पाटणबोरी-पांढरकवड्याकडे आणि कामाला येतो आदिलाबादला, किंवा जैनदचा माणूस जातो चंद्रपूरकडे. त्याची आणखी एक फजिती होते. तेलंगणाची आरोग्यश्री इथल्या रेशनकार्डवाल्या कुटुंबांसाठी आहे. डिसेंबर 2023 पासून तिची मर्यादा 10 लाख रुपये झाली. महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना तिकडच्या कुटुंबांसाठी. पुलावरून पलीकडे गेलं की खिशातलं राज्याचं कार्ड बहुधा उपयोगी पडत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते देशभर, योजनेत असलेल्या दवाखान्यात चालतं. ईएसआयचा विमा क्रमांकही देशभर एकच राहतो. म्हणून राज्य ओलांडून कामाला जाणाऱ्याने आधी कार्ड कोणतं आहे ते बघावं, मग निघावं.

आज करता येण्यासारखं

पहिलं, डॉक्टरकडे गेलात की न विचारता काम सांगा. रिम्स असो, यवतमाळ असो की गावचा दवाखाना, केसपेपरवर 'जिनिंगमध्ये इतके हंगाम काम' असं लिहून घ्या. सुट्टीनंतर त्रास वाढतो का, तेही सांगा. बिसिनोसिस हा कायद्याच्या यादीतला, कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. जुन्या कायद्यातही कारखान्याच्या कामगारात तो आढळला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांकडे कळवायचं होतं.

दुसरं, ईएसआय नसली म्हणजे भरपाई नाही असं समजू नका. 1923 चा भरपाई कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, नेमका अशाच कामगारासाठी आहे. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी एकच कामगार असला तरी अपघाताची जबाबदारी मालकावर येते. कापसाच्या धुळीचा रोगही त्याच्या यादीत आहे, फक्त तिथे ठरावीक काळ काम केल्याचा पुरावा लागतो. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, तेव्हा उशीर करू नका. आणि सीमेवरच्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही. कामगार जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. आदिलाबादेत हात गमावलेला केळापूर तालुक्यातला माणूस यवतमाळ जिल्ह्यातून दावा लावू शकतो.

तिसरं, पुरावा. मुकादमाच्या वहीच्या पानाचा, रोजाच्या चिठ्ठीचा, गेटपासचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फोनपेवर आलेली मजुरी हाही पुरावाच. ई-श्रम नोंदणी 2021 पासून सुरू आहे, ती मोफत आहे. कुठल्याही राज्यात करता येते.

चौथं, तोंडाला ओला रुमाल बांधला की धूळ थांबते हा समज सोडा. बारीक धूळ त्यातून आत जाते. रुमाल काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच. धूळ मुळात उडूच नये ही व्यवस्था मालकाची, आणि कापसाच्या धुळीची मर्यादा कारखाना कायद्याच्या अनुसूचीत दिलेली आहे, एका घनमीटर हवेत 0.2 मिलिग्रॅम. ती मोजून दाखवा, असं म्हणायला कामगार एकटा पुरत नाही. चार जिनिंगचे मजूर एकत्र आले तर जमेल.

आणि जिनिंग मालकांनाही एक सांगायचं आहे. त्यांच्यातले बरेच जण स्वतः धुळीत वाढलेले आहेत. एकेकट्याला डॉक्टर परवडत नाही, हे मान्य. पण एकाच रस्त्यावर दहा जिनिंग असतील तर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मिळून एक तपासणी शिबिर लावणं परवडतं. तपासणीचे कागद कामगाराच्या हातात दिले तर पुढच्या हंगामात तो दुसऱ्या गेटवर गेला तरी त्याची फाईल त्याच्यासोबत जाईल.

ती मावशी पुढे येईनाशी झाली. हंगाम संपला, पुढच्या वर्षीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मीही विचारलं नाही. या हंगामात तुमच्या शेजारी उभी असलेली बाई सुट्टी मानवत नाही म्हणाली, तर हसू नका. तिला दवाखान्यात घेऊन जा, आणि केसपेपरवर काम लिहून घ्या.